सन्मान पदाचा, हिशेब कारकिर्दीचा

२४ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत २४, अकबर रोड येथील काँग्रेसच्या मुख्यालयासमोर पी. व्ही. नरसिंह राव यांचे पार्थिव घेऊन आलेले लष्करी वाहन काही वेळ रस्त्यावरच उभे राहिले. आदल्या दिवशी ‘एम्स’मध्ये वयाच्या ८३व्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. पाच वर्षे ते देशाचे पंतप्रधान होते आणि त्याच काळात या मुख्यालयातून चालणाऱ्या पक्षाचे अध्यक्षही होते. त्यामुळे पार्थिव आत नेले जाईल, कार्यकर्ते रांगेने अंत्यदर्शन घेतील आणि मग पुढचा प्रवास सुरू होईल, ही अपेक्षा अवाजवी मुळीच नव्हती. फाटक उघडले नाही. पक्षाचे नेते बाहेर आले, त्यांनी रस्त्यावरच आदरांजली वाहिली आणि वाहन विमानतळाकडे निघाले. दुसऱ्या दिवशी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले.

अंत्यसंस्कार दिल्लीत व्हावेत, अशी कुटुंबीयांची इच्छा होती. राव यांची कर्मभूमी आंध्र प्रदेश आहे, तेव्हा अंत्यविधी हैदराबादेतच योग्य ठरेल, असा आग्रह केंद्रातील आणि राज्यातील सत्ताधाऱ्यांनी धरला आणि कुटुंबाने तो अखेर मान्य केला, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी पुढे सांगितले आहे. कर्मभूमीचा मुद्दा एरवी पटण्याजोगा आहे; नेत्याला त्याच्या मातीत निरोप मिळावा, यात गैर काही नाही. पण तो निर्णय कुटुंबाचा असायला हवा होता. शिवाय पुढच्या तीन वर्षांत, त्याच काँग्रेसप्रणीत आघाडीचे सरकार असताना, माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि माजी पंतप्रधान चंद्रशेखर यांच्या अंत्यसंस्कारांसाठी यमुनेकाठच्या समाधिपरिसरात जागा मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती. मग २००४ मध्ये अडचण जागेची होती, असे कसे म्हणता येईल? अडचण माणसाची होती. राव गांधी कुटुंबाच्या मर्जीतून उतरले होते, बाबरी मशिदीच्या विध्वंसानंतर मुस्लिम मतदार पक्षापासून दुरावल्याचा दोष त्यांच्या माथी होता, १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत पक्षाने त्यांना उमेदवारीही नाकारली होती. जिवंतपणी झालेली ही उपेक्षा राजकारणाचा भाग म्हणून समजून घेता येते. मृत्यूनंतरही तीच मोजपट्टी लावली गेली, हे मात्र समजून घेण्यासारखे नाही, कारण त्या क्षणी प्रश्न पक्षाच्या माजी अध्यक्षाचा जितका होता, त्याहून अधिक प्रजासत्ताकाच्या माजी पंतप्रधानाचा होता.

माझे म्हणणे असे आहे की, माजी राष्ट्रीय नेत्याला अखेरचा निरोप देताना राज्यसंस्था ज्याचा सन्मान करते ते त्याने भूषवलेले पद असते आणि तो सन्मान सर्वांना सारख्या नियमाने मिळाला पाहिजे. त्याच्या कारकिर्दीचा हिशेब ही वेगळी गोष्ट आहे. तो कितीही कठोर असू शकतो आणि त्याला मुदत नसते. या दोन गोष्टींची सरमिसळ केली की दोन्ही बिघडतात. राव यांच्या बाबतीत आपण निरोपात अन्याय केला, हे आता बहुतेक लोक मान्य करतात. त्या अन्यायामुळे पुढे हिशेबही नीट झाला नाही, याकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही आणि मला ते अधिक गंभीर वाटते.

मराठी वाचकाला राव परके नव्हेत. वारंगळ जिल्ह्यातल्या लक्नेपल्लीत १९२१ मध्ये जन्मलेल्या या विद्यार्थ्याला निजामाच्या राज्यात ‘वंदे मातरम्’ चळवळीत भाग घेतल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठ सोडावे लागले. पुढचे शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि कायद्याचे नागपुरात झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते स्वामी रामानंद तीर्थांचे अनुयायी होते आणि अखेरपर्यंत त्यांना गुरुस्थानी मानत. मराठी त्यांना केवळ बोलण्यापुरती येत नव्हती. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला. शंभर वर्षांपूर्वीच्या ब्राह्मणी घरातली बाईमाणसांची बोली, सोवळ्याओवळ्याचे तपशील, बालविधवेच्या वाट्याला आलेला छळ हे सारे दुसऱ्या भाषेत नेणे सोपे काम नाही, आणि ते एका राजकारण्याने सवडीने केले होते. १९८४ मध्ये हनमकोंड्यात पराभूत झालेल्या रावांना रामटेकने लोकसभेत पाठवले आणि १९८९ मध्ये पुन्हा निवडून दिले. १९९१ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती. ते निवृत्तीच्या तयारीत असताना २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली आणि महिन्याभरात, २१ जून १९९१ रोजी, त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली.

त्या उन्हाळ्यातली देशाची स्थिती आज तिशीत असलेल्या वाचकाला कल्पनेनेच समजून घ्यावी लागेल. परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. चंद्रशेखर सरकारच्या काळात जप्त केलेले २० टन सोने परदेशी बँकेला विकून झाले होते आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या साठ्यातले सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवण्यासाठी मुंबईहून विमानाने रवाना केले. घरातले सोने गहाण पडणे ही आपल्याकडे अब्रूची गोष्ट असते आणि देशालाही ती तशीच लागली. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. त्यातला दुसरा टप्पा थांबवावा, असे रावांना ऐनवेळी वाटले होते. अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना फोन केला, तोवर निर्णय अमलात आलेला होता. पुढे जे घडले त्याकडे पाहताना हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. राव हे कोणत्याही सिद्धान्ताने भारलेले सुधारक नव्हते. ते चाचरत होते, चौफेर पाहत होते, आणि तरीही पाऊल मागे घेत नव्हते.

२४ जुलै १९९१ या दिवसाने ही कार्यपद्धती उत्तम दाखवली. उद्योग खाते रावांनी स्वतःकडे ठेवले होते. त्या दिवशी दुपारी उद्योग राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी नवे औद्योगिक धोरण लोकसभेच्या पटलावर ठेवले. १८ उद्योग वगळता बाकी सर्वांसाठी परवान्याची अट रद्द, मक्तेदारी कायद्यातील गुंतवणुकीच्या मर्यादा शिथिल आणि अनेक क्षेत्रांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवलाला मुभा, असा त्याचा आशय होता. चाळीस वर्षांची व्यवस्था मोडणाऱ्या या कागदावर पंतप्रधानांनी स्वतः भाषणही केले नाही. संध्याकाळी पाच वाजता अर्थसंकल्प सादर झाला आणि दुसऱ्या दिवशी सगळी चर्चा अर्थसंकल्पाची झाली. लोकसभेत स्पष्ट बहुमत नाही, पक्षात नेहरूंच्या आर्थिक विचाराशी निष्ठा सांगणारे अनेक ज्येष्ठ, डावे आणि उजवे दोन्ही विरोधात, अशा परिस्थितीत मोठा बदल शक्य तितक्या कमी आवाजात करणे ही रावांची रीत होती. मनमोहन सिंग यांनी सुधारणांचे श्रेय पुढे सातत्याने रावांना दिले आहे आणि त्यात केवळ सौजन्य नव्हते. अर्थशास्त्र सिंग यांचे असेल. ते संसदेत, मंत्रिमंडळात आणि पक्षात निभावून नेण्याचे काम पंतप्रधानांचे होते.

या सुधारणांची किंमतही काहींना मोजावी लागली. वीजक्षेत्र परकीय भांडवलाला खुले करण्याच्या घाईत दाभोळचा एन्रॉन प्रकल्प कोणत्या अटींवर आला आणि त्याचा भार महाराष्ट्राच्या वीज मंडळावर किती पडला, हे या राज्याला सांगण्याची गरज नाही. १९९२ मध्ये मुंबईच्या शेअर बाजारातला रोखे घोटाळा उघडकीस आला तेव्हा बाजार मोकळा करताना देखरेखीची व्यवस्था किती तोकडी होती, हे दिसून आले. दुसऱ्या बाजूला, ज्या गोष्टींशी रावांचे नाव क्वचितच जोडले जाते, त्यांतही त्यांच्या काळाचा ठसा आहे. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये अमलात आल्या आणि ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. केंद्राच्या नोकऱ्यांतील इतर मागासवर्गीयांचे २७ टक्के आरक्षण प्रत्यक्षात सुरू झाले ते याच सरकारच्या काळात. इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध, चीनशी १९९३ चा सीमाशांतता करार, १९९४ मध्ये जिनिव्हात काश्मीरवरून भारताची कोंडी करण्याचा प्रयत्न होत असताना विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांच्या नेतृत्वाखाली शिष्टमंडळ पाठवण्याचा निर्णय, हे सारे त्याच पाच वर्षांतले आहे.

आणि मग ६ डिसेंबर १९९२ येतो. त्या रविवारी दुपारपासून संध्याकाळपर्यंत, काही तासांच्या अवधीत, बाबरी मशिदीचे तिन्ही घुमट पाडले गेले. केंद्रीय निमलष्करी दलांच्या तुकड्या जवळच फैजाबाद परिसरात होत्या. त्या वापरल्या गेल्या नाहीत. वास्तूचे संरक्षण करू, असे लेखी आश्वासन उत्तर प्रदेशच्या कल्याणसिंग सरकारने सर्वोच्च न्यायालयाला दिले होते आणि ते पाळले नाही. या गुन्ह्याची पहिली जबाबदारी त्या सरकारची आणि ज्यांनी तो जमाव जमवला त्या संघटनांची आहे, याबद्दल संदिग्धता ठेवण्याचे कारण नाही. पण केंद्राचे काय? येथे महाराष्ट्राचा संबंध थेट येतो. त्या वेळी केंद्रीय गृहमंत्री शंकरराव चव्हाण होते आणि केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले. राष्ट्रपती राजवट लागू करून वास्तू केंद्राने ताब्यात घ्यायची झाल्यास ती कशी घ्यावी, याची आकस्मिक योजना गृहमंत्रालयाने तयार केली होती, हे गोडबोले यांनी निवृत्तीनंतर तपशीलवार लिहून ठेवले आहे. कारसेवकांची गर्दी जमण्यापूर्वी कारवाई झाली तरच ही योजना यशस्वी होण्यासारखी होती, त्यामुळे निर्णय वेळेत घेणे हाच तिचा गाभा होता. निर्णय झाला नाही. गोडबोले यांनी मार्च १९९३ मध्ये स्वेच्छेने सेवा सोडली.

रावांची बाजूही मांडली पाहिजे आणि ती हलकी नाही. त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांचा मुख्य युक्तिवाद घटनात्मक आहे. एखादे राज्य सरकार भविष्यात कर्तव्यात कसूर करील, या अंदाजावर राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ वापरता येत नाही. राज्यपालांनी राष्ट्रपती राजवटीच्या विरोधात मत दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे आश्वासन ग्राह्य धरले होते. आणि सरकार बरखास्त केल्यावर तिथे जमलेल्या जमावाने मशीद पाडली असती, तर दोष केंद्रालाच लागला असता. हा युक्तिवाद वकिलाचा आहे आणि वकिली निकषांवर तो टिकतोही. मात्र पंतप्रधानाकडून देशाला वकिलापेक्षा अधिक अपेक्षा असते. ज्या माणसाने जुलै १९९१ मध्ये अनिश्चिततेत पाऊल उचलण्याचे धैर्य दाखवले, त्यानेच नोव्हेंबर १९९२ मध्ये अनिश्चितता हे थांबण्याचे कारण मानले. त्यानंतर मुंबईत डिसेंबरमध्ये आणि जानेवारीत जे घडले, त्याचा आकडा श्रीकृष्ण आयोगाने नोंदवला आहे: ९०० मृत. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत आणखी २५७ माणसे गेली. १९९१ ने मुंबईच्या बाजारपेठेला जे दिले ते आणि १९९२ ने मुंबईच्या मोहल्ल्यांकडून आणि चाळींकडून जे हिरावून घेतले ते, एकाच कारकिर्दीच्या खात्यावर जमा आहे. त्या दोहोंची वजाबाकी करून एखादा अंक काढता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये.

याच खात्यावर आणखी एक जुनी नोंद आहे, जिची चर्चा फार थोडी होते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांचे हत्याकांड झाले तेव्हा राव केंद्रीय गृहमंत्री होते आणि दिल्ली पोलीस त्यांच्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत होते. अधिकृत आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. सूत्रे प्रत्यक्षात पंतप्रधान कार्यालयातून हलत होती आणि गृहमंत्र्यांना बाजूला ठेवले गेले होते, असे त्यांच्या वतीने सांगितले जाते. ते खरे मानले, तरी गृहमंत्र्याने राजीनामा का दिला नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याच्या प्रकरणात त्यांना २००० मध्ये विशेष न्यायालयाने दोषी ठरवले आणि २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष मुक्त केले. न्यायालयाचा तो निकाल मान्य करूनही, जुलै १९९३ चा सरकारवरील अविश्वास ठराव कसा फेटाळला गेला, या राजकीय प्रश्नाचे उत्तर त्याने मिळत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गेल्या वीस वर्षांत रावांविषयी जे लेख, भाषणे आणि चर्चा झाल्या, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात अकबर रोडच्या त्या बंद फाटकापासून होते. मीही या लेखाची सुरुवात तिथूनच केली, कारण ती घटना टाळून पुढे जाता येत नाही. पण त्या घटनेने रावांभोवती अन्यायग्रस्ताची एक प्रतिमा उभी केली आणि त्या प्रतिमेने बाकीचे प्रश्न गिळून टाकले. काँग्रेसने त्यांना दूर लोटले, म्हणून त्यांच्या चाहत्यांनी त्यांच्या बाजूने उभे राहणे हेच न्यायाचे काम मानले. १९९२ विषयी प्रश्न विचारणारा माणूस आपोआप ‘त्या कुटुंबाचा’ वकील ठरू लागला. काँग्रेसला तर मौन सोयीचे होते. रावांवर सारा दोष ढकलला की १९८६ मध्ये मशिदीची कुलपे उघडली तेव्हा आणि १९८९ मध्ये मंदिराचा शिलान्यास झाला तेव्हा देशात कोणाचे सरकार होते, हे विचारले जात नाही. राव हे नाव उच्चारायचेच नाही, इथपर्यंत हे मौन गेले आणि त्याबरोबर पक्षाने स्वतःच्या मोठ्या कर्तृत्वावरचाही हक्क सोडून दिला. ज्या पक्षाने १९९१ घडवले, त्याला १९९१ चा अभिमान मोकळेपणाने सांगता येईना, कारण सांगायचा तर त्या माणसाचे नाव घ्यावे लागते. तेलंगणातल्या काँग्रेसजनांनी पुढे त्यांची जन्मशताब्दी साजरी केली, पण तोवर फार उशीर झाला होता.

रिकामी जागा राजकारणात फार काळ रिकामी राहत नाही. २०१५ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या केंद्र सरकारने दिल्लीत रावांचे स्मारक उभारले. तेलंगण राष्ट्र समितीच्या सरकारने २०२० पासून वर्षभर त्यांची जन्मशताब्दी राज्याच्या अस्मितेचा उत्सव म्हणून साजरी केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये, लोकसभा निवडणूक तोंडावर असताना, त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झाले. राव भारतरत्नास पात्र नव्हते, असे मी म्हणणार नाही. १९९१ पुरेसे आहे. पण ज्या पंतप्रधानाच्या निष्क्रियतेचा फायदा घेत ज्या चळवळीने मशीद पाडली, त्या चळवळीच्या राजकीय वारसांनीच त्यांना गौरवावे आणि त्या गौरवात १९९२ चा उल्लेखही असू नये, हे इतिहासाचे स्मरण नव्हे. २००४ मध्ये मृतदेहाचा उपयोग नाराजी दाखवण्यासाठी झाला. पुढे स्मृतीचा उपयोग दुसऱ्या पक्षाला खिजवण्यासाठी झाला. दोन्ही वेळा राव हे निमित्त होते.

डिसेंबर २०२४ मध्ये हेच नव्या रूपात दिसले. मनमोहन सिंग यांचे २६ डिसेंबरला निधन झाले. सात दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, पार्थिव काँग्रेस मुख्यालयात नेले गेले आणि २८ तारखेला निगमबोध घाटावर सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झाले. जिथे पुढे स्मारक होऊ शकेल अशाच जागी अंत्यविधी व्हावेत, अशी मागणी काँग्रेस अध्यक्षांनी पंतप्रधानांना पत्र लिहून केली होती. सरकारने स्मारकासाठी जागा देण्याचे मान्य केले, पण अंत्यविधी निगमबोधलाच झाले. दशकभर पंतप्रधान राहिलेल्या माणसाला सार्वजनिक स्मशानभूमीत निरोप दिला, ही तक्रार झाली. उत्तरादाखल सत्ताधारी पक्षाने २००४ ची आठवण करून दिली. एका मृत पंतप्रधानाच्या अपमानाने दुसऱ्याचा हिशेब चुकता करण्याचा तो वाद चालू असताना, सिंग यांच्या कारकिर्दीतील माहितीचा अधिकार, रोजगार हमीचा कायदा, अणुकरार आणि दुसऱ्या कार्यकाळातले घोटाळे यांवर शांतपणे बोलण्याची संधी निघून गेली. मला ते अतिशय दुःखदायक वाटले. ज्या माणसाने सारे आयुष्य आवाज न चढवता काम केले, त्याच्या चितेभोवती तरी थोडी शांतता राहायला हवी होती.

पक्षीय मर्जीवर सोडले की असेच होणार. माजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह २७ नोव्हेंबर २००८ रोजी गेले तेव्हा मुंबईवर हल्ला सुरू होता आणि देशाचे लक्ष साहजिकच तिकडे होते. मंडलचा निर्णय घेऊन देशाचे राजकारण कायमचे बदलणारा माणूस अलाहाबादला पंचत्वात विलीन झाला आणि वृत्तपत्रांत त्याची बातमी कोपऱ्यात राहिली. त्यात कोणाचा दोष नव्हता. पण नंतर दिल्लीने त्यांची आठवण केली नाही, हा योगायोग नव्हता, कारण त्यांच्या मागे सत्तेतला पक्ष नव्हता.

नियम सर्वांना सारखा असावा, असे म्हणणे सोपे आहे. त्याची कसोटी आपल्याला न आवडणाऱ्या नेत्याच्या बाबतीत लागते. मराठी माणसापुरते सांगायचे तर हे नाव मोरारजी देसाई यांचे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईत गोळीबार झाला तेव्हा मुंबई राज्याचे मुख्यमंत्री तेच होते आणि हुतात्मा चौकातल्या स्मारकाकडे पाहताना ते नाव आठवत नाही, असा त्या पिढीतला माणूस विरळा. याच मोरारजींनी आणीबाणीत एकोणीस महिने कारावास सोसला, पंतप्रधान झाले आणि त्यांच्या सरकारने ४४ व्या घटनादुरुस्तीने पुन्हा आणीबाणी लादणे अवघड करून ठेवले. १० एप्रिल १९९५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले आणि अहमदाबादेत साबरमतीकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. हुतात्म्यांच्या वारसांनी त्या दिवशी अश्रू ढाळावेत, असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या तोफगाड्यावर तिरंगा असू नये, असेही म्हणता येणार नाही. राग जपण्याचा अधिकार नागरिकाला आहे, राज्यसंस्थेला नाही. कारण राज्यसंस्थेने रागलोभ धरला की सन्मान सत्ताधाऱ्यांच्या हातातले बक्षीस होतो, आणि आज मिळालेले बक्षीस उद्या काढूनही घेतले जाते.

म्हणून नियम लेखी हवा. २०१३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने यमुनेकाठी राष्ट्रीय स्मृतिस्थळाला मान्यता दिली, तेव्हा एक चांगली सुरुवात झाली होती. प्रत्येकासाठी स्वतंत्र घाट आणि स्वतंत्र भूमी राखत गेल्याने नदीकाठचा किती मोठा पट्टा समाधींनी व्यापला होता, हे पाहता आजी-माजी राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान यांच्यासाठी एकच सामाईक जागा ठेवणे शहाणपणाचे होते. २०१८ मध्ये वाजपेयींचे अंत्यसंस्कार तिथेच झाले. मग २०२४ मध्ये तीच जागा आपोआप का ठरली नाही? कारण ठिकाण ठरले होते, हक्क ठरला नव्हता. माजी पंतप्रधानाचे निधन झाल्यावर पार्थिव अंत्यदर्शनासाठी कुठे ठेवले जाईल, अंत्यसंस्कार राजधानीत की गावी हे ठरवण्याचा अधिकार कुटुंबाला असेल की नाही, दुखवटा किती दिवसांचा असेल, स्मृतिस्थळावर किती जागा आणि किती मुदतीत मिळेल, या गोष्टी आज त्या त्या दिवशी, त्या त्या सरकारच्या आदेशाने ठरतात. संसदेने एक लहानसा कायदा करून त्या कायमच्या ठरवून टाकाव्यात. कुटुंबाने साधेपणाने, सरकारी इतमामाशिवाय निरोप द्यायचे ठरवले, तर तोही त्यांचा अधिकार असावा. आणि पदावरून गेल्यावर न्यायालयाने गंभीर गुन्ह्यात अंतिमतः दोषी ठरवलेल्या व्यक्तीचे काय, या अवघड प्रश्नाचे उत्तरही त्या कायद्यातच द्यावे. ते मृत्यूच्या दिवशी एखाद्या मंत्र्याच्या मनावर सोडू नये. पक्षांनी आपल्या कार्यालयाचे फाटक कोणासाठी उघडावे, हे मात्र कायद्याने सांगता येणार नाही. ते त्यांच्या संस्काराचे काम आहे.

उरतो तो कारकिर्दीचा हिशेब, आणि त्यासाठी लागतात कागद. रावांच्याच सरकारच्या काळात १९९३ मध्ये सार्वजनिक अभिलेख कायदा झाला. पंचवीस वर्षांहून जुनी झालेली सरकारी कागदपत्रे तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवावीत, अशी व्यवस्था त्याखालील नियमांत आहे. १९९२ ची कागदपत्रे ही मुदत केव्हाच ओलांडून गेली आहेत. गृहमंत्रालयाची ती आकस्मिक योजना, तिच्यावरचे शेरे, नोव्हेंबर १९९२ मधल्या बैठकांची टिपणे, गुप्तवार्ता विभागाचे त्या आठवड्यातले अहवाल, ६ डिसेंबरच्या दुपारी पंतप्रधान निवासाशी झालेल्या संपर्काच्या नोंदी, तसेच १९८४ च्या नोव्हेंबरमधल्या पहिल्या तीन दिवसांतला गृहमंत्रालयाचा पत्रव्यवहार, हे सारे अभ्यासकांना पाहायला मिळाले पाहिजे. आजवर आपण रावांना दोषी किंवा निर्दोष ठरवत आलो ते मंत्र्यांच्या आठवणी, अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे आणि स्वतः रावांचा बचाव यांच्या आधारे, म्हणजे प्रत्येक वेळी ज्याचा त्या प्रकरणात हितसंबंध होता त्याच्या साक्षीवर. मशिदीच्या विध्वंसाची चौकशी करणाऱ्या लिबरहान आयोगाला अहवाल द्यायला सतरा वर्षे लागली आणि त्यानेही हा प्रश्न मिटला नाही. भारतरत्न देणाऱ्या सरकारला ही कागदपत्रे खुली करणे अशक्य नाही आणि विरोधी बाकांवरच्या काँग्रेसला त्यांची मागणी करणेही अशक्य नाही.